दोन कामांचं घर

पहूरच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका हातात माझी वळकटी उचलली आणि दुसऱ्या हातात ती काळी पेटी. पुस्तकांची पिशवी माझ्याकडे होती. पेटी मी मुद्दाम घरी कपाटामागं सरकवून ठेवली होती, पण आबांच्या नजरेतून काही सुटत नाही. चष्म्याचा नंबर काढताना नाकावर लोखंडी फ्रेम चढवून एकामागून एक भिंगं घालून बघतात ना, त्या भिंगांची ही पेटी. बारावीनंतर मी जळगावला डोळे तपासण्याचा डिप्लोमा केला, तेव्हा आबांनीच ती घेऊन दिली होती. पुढं मी बाहेरून बी.ए. झाले, राज्यसेवेची परीक्षा द्यायची म्हणून घराबाहेर पडले, आणि निघताना ही पेटी माझ्या मांडीवर. वरच्या फळीवर ठेवली तर भिंगं फुटतील, असं आबांचं म्हणणं.

खिडकीशी उभं राहून ते म्हणाले, "परीक्षा दे वैशाली. दहा खेपा दे, मी नाही म्हनत नाही. पन हाताले काम पाह्यजे. काम सोडून नुसती बसली त डोक्यात भेव शिरते."

मी चांगलीच फुगले होते. माझ्या वर्गातल्या चौघी पुण्याला गेल्या होत्या, मोठ्या क्लासला, मोठ्या अभ्यासिकेत, आणि फोनवर फोटो टाकत होत्या. माझ्या वाट्याला धुळं. तेही का, तर तिथं आबांच्या ओळखीच्या नानांचं चष्म्याचं दुकान होतं आणि नानांनी मला अर्धा दिवस कामाला घ्यायचं कबूल केलं होतं. सकाळी अभ्यास आणि दुपारनंतर दुकान, ही आबांची अट. आईनं डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता. गाडी हलली तशी ती गाडीबरोबर थोडी चालली, मग पदर सावरत थांबली. मला रडू येत होतं, पण ते रागाचं की घर सुटल्याचं, हे मला जळगाव येईपर्यंत ठरवता आलं नाही.

ही अट आबांनी हवेतून काढली नव्हती. आमच्या घरात सगळ्यांना दोन कामं. आबा लगीनसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि बाकीचं वर्ष जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरायचे. घराच्या पडवीत तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा वास कायम. खुंटीवर सोनेरी गोंड्यांचा लाल कोट. आई शेतावर जायची आणि शिलाईही करायची. "लगनं सरली का मोटारी, मोटारी सरल्या का लगनं. मानसानं एका पायावर काहून उभं राहाचं?" हे आबांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा वीट आला होता. मला एका पायावर उभं राहायचं होतं. पण आबांना हे पटवणं म्हणजे त्यांच्या जळालेल्या मोटारीशी बोलण्यासारखं होतं.

बँडबद्दल आमच्या बौद्धवाड्यात दोन मतं होती, तीही सांगते. आजोबांच्या पिढीनं गावाच्या दारात वाजवणं हट्टानं सोडलं होतं, त्यामुळं आबांनी कोट चढवला तेव्हा काही शिकलेल्या माणसांनी नाकं मुरडली. आबांचं उत्तर तयार होतं. "ते हुकूम आला का जानं होतं. मी सुपारी घेऊन जातो. नाही पटलं त सुपारी घेत नाही." फरक त्यांच्या लेखी एवढा स्पष्ट होता की ते त्यावर कधी चिडलेही नाहीत.

आणि मला तहसीलदार का व्हायचं होतं? दहावीनंतर दाखल्यासाठी मी आणि आई तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. आई दाराशी चप्पल काढून उभी राहिली. आत ज्या तहसीलदार मॅडम होत्या त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, आधी बसा." आई बसेना. मॅडमनी स्वतः उठून खुर्ची पुढं ओढली. दाखला मिळायला पुढं खेटे पडले ते पडलेच, पण परतीच्या गाडीत आई सारखं तेच सांगत होती, जणू मी तिथं नव्हतेच. एका माणसानं खुर्ची ओढली तर दुसऱ्याचं दिवसभर काय होतं, हे मी त्या दिवशी बघितलं. तेव्हापासून माझं ठरलं. लोकांना यात मोठं काही वाटणार नाही, पण माझं कारण एवढंच आहे.

धुळ्यात देवपूरमध्ये एका घराच्या वरच्या खोलीत आम्ही परीक्षा देणाऱ्या तिघी राहायचो. उजाडताच अभ्यासिका. तिथं पत्र्याखाली प्लायवूडच्या कप्प्यांत पन्नासेक पोरं-पोरी मान खाली घालून बसलेली असायची. कुणी नंदुरबारचं, कुणी साक्रीचं, कुणी शिरपूरच्या वरचं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की डोक्यावर ओला रुमाल ठेवून इतिहास वाचावा लागे. दुपारी डबा खाऊन मी दुकानात जायची. नाना धंद्यातले जुने, बोलायला मोकळे, आणि गिऱ्हाइकांशी अहिराणीतच बोलायचे. पहूरकडची आमची बोली वेगळी, त्यामुळं सुरुवातीला निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. मी आत पाय टाकला की ते विचारायचे, "काय व पोरी, आज अभ्यास व्हयना का? व्हयना व्हई तर हाई मावशीना डोया तपास. घाई करू नको. डोयानं काम शे." व्हयना म्हणजे झाला, हे कळायलाच मला आठवडा लागला.

अभ्यासिकेत मात्र माझं दुकान हा चेष्टेचा विषय होता. "पार्ट टाइम तहसीलदार आल्या बरं का," अशी हाक यायची. मी हसण्यावारी न्यायची, पण आत लागायचं. तिथं एक पक्की समजूत होती. ज्याच्याकडं दुसरी वाट आहे त्याला पहिली मिळत नाही. परतीचे दोर कापले पाहिजेत, हे तिथं सगळे म्हणायचे. सगळ्यात जास्त महेंद्र म्हणायचा. तो आमच्यात सगळ्यात जुना, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातला, घरातला पहिला पदवीधर. कुणी बँकेचा किंवा शिक्षकभरतीचा अर्ज भरला की त्याला महेंद्र गंभीर चेहऱ्यानं बाजूला घ्यायचा. मलाही घेतलं होतं. "वैशाली, तुझं डोकं चांगलं आहे. ते दुकान तुला मागं ओढतंय. सोड ते."

मला ते पटत होतं, ही गंमत. दुपारी भूगोल रंगात आला असताना उठावं लागलं की मी मनातल्या मनात आबांना चार गोष्टी ऐकवायची. एका रविवारी तर मी नानांना सांगूनच टाकलं की पुढच्या महिन्यापासून येणार नाही. नाना चष्म्याची काडी आवळत होते, त्यांनी वर पाहिलंही नाही. "बरं. तुनी परीक्षा तू दे. दुकान काय पयी जाई नही राह्यनं. पन आज ती फ्रेम बठाडी दे, तो मानूस गावले जानार शे." दुकान पळून जात नव्हतं, तो माणूस जात होता. मी फ्रेम बसवून दिली. त्या माणसानं चष्मा लावला, रस्त्याकडं पाहिलं आणि समोरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागला. एकेक करून सगळ्या वाचल्या. मी पुढच्या महिन्यातही गेले, त्याच्या पुढच्याही.

एकदा दुकान बंद व्हायच्या वेळी महेंद्र आला. फळ्यावरचं दिसत नाही, डोकं दुखतं. मी त्याला बसवलं, फ्रेम चढवली, भिंगं बदलत गेले. डोळे चांगलेच बिघडले होते आणि ते त्यानं कित्येक महिने अंगावर काढलं होतं. नंबर निघाला तरी तो उठेना. मग हळूच म्हणाला, "हा तुझा कोर्स किती वर्षांचा असतो गं?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "मी विचारलं हे तिकडं बोलू नकोस." मग थोड्या वेळानं, "तुम्ही सगळे दोर कापायचं म्हणता ते माझ्याकडं बघून. पण माझ्याकडं कापायला दोर होता कुठं? मागं गेलो तर पावसाच्या भरवशावरचं शेत आणि उन्हाळ्यात महूची फुलं वेचणं. तुझ्या बापानं तुझ्या हातात पेटी दिली. सोड असं मीच म्हणालो तुला, पण ती टाकायची भाषा करतेस तेव्हा तुझा राग येतो मला."

चष्मा तयार झाल्यावर तो घेऊन गेला, आणि अभ्यासिकेत मला कुणी पार्ट टाइम म्हटलं की पुस्तकातून डोकं वर काढून तोच म्हणायचा, "बस झालं." आणखी एक केलं त्यानं. गुपचूप वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरला. आज तो सातपुड्यात, आपल्याच गावापासून लांब नसलेल्या जंगलात कामाला आहे. राज्यसेवेचा अभ्यास त्यानं सोडलेला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी पूर्व परीक्षेचा निकाल आला. माझा नंबर यादीत होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, या परीक्षेला तीन पायऱ्या. आधी पूर्व, मग मुख्य, मग मुलाखत. पूर्व पास होणं म्हणजे फक्त पुढच्या परीक्षेला बसायची परवानगी. पण मी फोन केला तेव्हा आनंदात एवढंच म्हणाले, "आई, पास झाले!" आईनं शेजारी सांगितलं, शेजारणीनं विहिरीवर, आणि तिथून ते बँडमास्तर दगडूभाऊंपर्यंत गेलं. आमच्याकडं पास म्हणजे पास. दहावी पास झालं की दहावी झाली. परीक्षा पास होऊनही माणूस अजून बाहेरच असतो, ही शहाणपणाची गोष्ट आमच्या गावात कुणी ऐकलेलीच नव्हती.

दिवाळीला गाडी पहूरच्या स्टँडवर शिरली तेव्हा आधी मला बँड ऐकू आला. वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल. मग फ्लेक्स दिसला. त्यावर डिप्लोमाच्या वेळचा माझा पांढऱ्या ॲप्रनमधला फोटो, शेजारी लाल दिव्याच्या गाडीचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "पहूरची कन्या तहसीलदार! हार्दिक अभिनंदन." दगडूभाऊंनी हार घातला. कुणी शाल, कुणी नारळ, कुणी फोनवर व्हिडिओ. आणि बँडच्या पहिल्या रांगेत लाल कोट घालून, डोळे मिटून, आबा क्लॅरिनेट वाजवत होते.

मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आबा, ही पहिलीच आहे. अजून दोन बाकी आहेत. मी कुणी झाले नाही अजून." त्यांनी डोळे उघडले. वाद्य ओठांवरून काढलं नाही, फक्त मान हलवली, ऐकलं म्हणून. मग परत डोळे मिटले आणि वाजवत राहिले. मला वाटलं, हे संपलं की ते सगळ्यांना सांगतील. त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या गर्दीत माझंही धाडस झालं नाही. सत्काराचे पेढे खाऊन मी धुळ्याला परतले. मुख्य परीक्षा डोक्यावर होती, फ्लेक्सचा विचार करायला सवड नव्हती. सवड नव्हती हेही खरं आणि विचार करायची भीती वाटत होती हेही.

मुख्य परीक्षा दिली. वैशाखात निकाल आला. त्यात माझा नंबर नव्हता.

नानांनी दोन दिवस सुट्टी दिली. "घर जाय. मायले भेट," एवढंच म्हणाले. जळगावला गाडी बदलली आणि भर दुपारी पेटीसकट पहूरला उतरले. वैशाखात आमचं घर दुपारी रिकामं असतं. आई कामावर, आणि आबा बँडच्या गाडीबरोबर कुठं चोपड्याला, कुठं सोयगावला. हल्ली बँडची गाडी म्हणजे वर कीबोर्ड, गाणारा, कर्णे, पण नवरदेव निघताना लोक आबांचं क्लॅरिनेट मागतातच. मी दार लोटलं तर आबा पडवीत बसलेले. पुढ्यात मोटार नव्हती. खुंटीवर कोट नव्हता. ते नुसते बसले होते. माझ्या आठवणीत मी त्यांना तसं रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आई संध्याकाळी आल्यावर सांगू लागली. सत्कारानंतर लोक म्हणायला लागले, तहसीलदाराचा बाप लग्नात वाजवतो हे बरं दिसत नाही. वाड्यातल्या त्याच शिकलेल्या माणसांनी परत विषय काढला. पोरीचं पद बघा, उद्या ती गाडीतून जाईल आणि बाप वरातीपुढं चाललेला असेल. माघ महिन्यात आबांनी कोट दगडूभाऊंकडं परत दिला.

मी बाहेर आले. आबा तसेच बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला तर मी त्याच दिवशी सांगितलं होतं ना? पहिलीच पास झाले म्हणून?"

"सांगतलं होतं."

"मग?"

आबांनी रिकाम्या खुंटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "तू व्हशीनच असं वाटलं मले. मंग तव्हा सोडाचं ते आताच सोडलं."

ते हे इतकं सहज बोलले की मला ऐकवेना. आयुष्यभर दोन पायांवर उभं राहा म्हणणारा हा माणूस, माझ्या हातात पेटी देऊन गाडीत बसवणारा, आणि यानं माझ्या भरवशावर आपलं काम सोडलं. माझा परतीचा दोर शाबूत ठेवला आणि स्वतःचा कापला. मी म्हणाले, "आबा, मुख्य नापास झाले." ते म्हणाले, "तुह्या तोंडावरच दिसलं." मी तिथंच पडवीत बसून रडले, मोठ्यानं, आणि त्यांनी मला रडू दिलं.

मग माझं डोकं थंड झालं. आता काय करायचं ते मला दिसत होतं आणि त्यात मला कसलीच शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात सगळा वाडा जमला. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं मेणबत्त्या घेऊन. वंदना झाली, खीर वाटायच्या आधी दगडूभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या तहसीलदार मॅडम आल्या हायेत. चार शब्द सांगतीन." टाळ्या पडल्या. मी उठले. आबा मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते.

मी म्हणाले, "मी तहसीलदार झाले नाही. दिवाळीला मी पहिली परीक्षा पास झाले होते. अशा तीन असतात. दुसरीत मी आता नापास झाले. तुम्ही सत्कार केला तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मी परत बसणार आहे. कितीदा बसावं लागेल माहीत नाही. तोवर मी धुळ्यात लोकांचे डोळे तपासते, ते काम करत राहणार. आणि आबा बँडमध्ये वाजवणार. माझ्यामुळं त्यांनी थांबायचं कारण नाही. उद्या मी तहसीलदार झाले तरी नाही."

दगडूभाऊंचं तोंड उतरलं होतं. "मंग आम्ही बँड काहून वाजवला व?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. आपण कुणालातरी मोठं होताना पाहिलं, ही गोष्ट माझ्यापेक्षा त्यांच्याच हातून सुटली होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतून जनाक्कांचा, वाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. "ते ऱ्हाऊ दे. माह्ये डोये कव्हा पाह्यशीन व माय? मले सुईत दोरा जाईना." आधी आई हसली, मग बायका, मग सगळं विहार. खीर वाटायला सुरुवात झाली.

मी हसले नाही. मी आबांकडं बघत होते. ते उठून बाहेर गेले होते. मला वाटलं, रागावले. चारचौघांत मी त्यांचं नाव घेतलं, न विचारता. बाहेर जाऊन बघते तर ते पिंपळाखाली उभे, आणि पंच्यानं तोंड पुसताहेत. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "ओठ सुटले असतीन आता. क्लॅरिनेटले चार महिने फुंक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूभाऊ दारात आले. हातात आबांचा लाल कोट, इस्तरी केलेला. माझ्याकडं बघितलं नाही. आबांना म्हणाले, "परवा शेंदुर्नीचं लगीन हाय. सकाळी सातले गाडी." आणि गेले. आबांनी कोट खुंटीवर टांगला आणि क्लॅरिनेट पुसायला घेतलं. मी जनाक्कांच्या घरी पेटी घेऊन गेले. दुपारपर्यंत त्यांच्या अंगणात अर्धा वाडा बसला होता, आणि त्यातल्या निम्म्यांना जवळचा चष्मा लागत होता.

धुळ्याला परत आले तेव्हा अभ्यासिकेत सगळे म्हणाले, आता तरी दुकान सोड. या वेळी मला एक क्षणही ते पटलं नाही. नापास झाल्यावर खोलीत पडून राहिलेली किती माणसं मी तिथं पाहिली होती. मला सकाळी उठायला जागा होती आणि दुपारी माझी वाट बघणारं कुणीतरी होतं. नापास झाल्याच्या चौथ्या दिवशी मी परत पहिल्या पानापासून अभ्यासाला बसले, आणि दुपारी उठून दुकानात गेले. नाना म्हणाले, "उनी का? बस. बठ्ठा चष्मा तुनीच वाट देखी राह्यनात." सगळे चष्मे माझीच वाट बघत होते म्हणे.

आता मी जळगावला असते. नानांनी मेहरूणमध्ये तलावाच्या रस्त्याला दुसरं दुकान टाकलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. पाटी त्यांच्या नावाची, आत सगळं माझं. फोनवर बुकिंग, ऑनलाइन फ्रेमची ऑर्डर, आयपॅडवर अक्षरांचा तक्ता, सगळं शिकले. पहाटे तलावाभोवती चालायला येणारे लोक शटर उघडायच्या आधीच ओळखीचं हसतात. मागच्या खोलीत टेबलावर राज्यसेवेची पुस्तकं. गिऱ्हाईक नसलं की मी तिथं. परीक्षेच्या आधी नाना स्वतः येऊन आठवडाभर दुकान बघतात. कधी कधी पहूरहून लोक डोळे तपासायला येतात, मोतीबिंदू वाटला तर मी त्यांना दवाखान्यात पाठवते, आणि जाताना प्रत्येक जण विचारतो, "दुसरी कव्हा हाय?" आता गावाला पायऱ्या पाठ आहेत. मागच्या वर्षी एका घरातला मुलगा पूर्व पास झाला आणि त्याचे वडील बँडची सुपारी घेऊन आले, तेव्हा आबांनी आधी विचारलं, "कोनती पास झाला? पहिली असंन त घरी च्या पाजा. तिसरीले मीच येतो." हे आई मला फोनवर सांगत होती तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं.

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्यातल्या दोघी परत आलात आणि घरी सांगता येत नाही म्हणून गप्प आहात, हे मला माहीत आहे. तुम्हाला शिकवण्याचा मला अधिकार नाही, मी अजून कुठंच पोचलेले नाही. पण एक कराल का? जाऊन सांगा. जमलं तर सगळ्यांसमोर सांगा. सांगताना जीव जातो, मग परत येतो. आणि गावात जे राहिलेत, तुमच्यासाठी एवढंच, की आम्ही काय झालो ते विचारायच्या आधी आम्ही काय करतो ते विचारत जा. दुसरं काम ठेवलं म्हणजे पहिल्यावरचा जीव कमी झाला असं नसतं. मला अजून तहसीलदारच व्हायचं आहे. तेवढंच, तितकंच.

पहूर सोडलं तेव्हा घर म्हणजे माझ्या मते परत जायची जागा होती. कुणीतरी होऊनच परत जायचं, तोवर नाही, असं मी ठरवलं होतं. आता सणाला मी जाते तेव्हा पेटी घेऊन जाते आणि जनाक्कांच्या अंगणात बसते. कुणी काय झालीस विचारत नाही. धुळ्याला गेले की नानांच्या दुकानात मागच्या स्टुलावर माझी जागा असते. मेहरूणच्या खोलीत पहाटे पुस्तक उघडते तेव्हाही मला घरी असल्यासारखंच वाटतं. अशी तीन घरं झाली आणि त्यातल्या कुठल्याच घरी मी अर्धवट नाही.

गेल्या सोमवारी मुख्य परीक्षेचा निकाल आला. माझा नंबर यादीत होता. आता मुलाखत राहिली. मी आबांना फोन लावला. मागं कुठंतरी ढोलाचा आवाज येत होता, ते लग्नात होते. मी ओरडून सांगितलं, "आबा, दुसरी पास झाले!"

पलीकडं ढोलाचा आवाज लांब गेला. आबा बाजूला गेले असावेत.

"बरं झालं," ते म्हणाले. "दुकान उघडलं का आज?"

"उघडलंय आबा. गिऱ्हाईक बसलंय समोर."

"मंग फोन ठेव," ते म्हणाले.